उंदराला ऐकवलेला चिवडा

अरे, परवा आमच्या बंगळूरच्या लॅबमध्ये काय धमाल झाली! उंदराच्या मेंदूला आवाज कसा कळतो, हे माझं संशोधन. एखादी पेशी आवाजाला दाद देते तेव्हा तिला तारेने जोडलेल्या स्पीकरवर तडतड ऐकू येते. परवा सगळे सूर वाजवून झाले, तरी पेशी ढिम्म! वैतागून मी आईने पाठवलेल्या चिवड्याची पिशवी उघडली, तर स्पीकर असा तडतडला म्हणून सांगू!

आमच्या बेळगावच्या मॅडम धावत आल्या. "काय वाजवलंस?"

मी घाबरत पिशवी दाखवली. लॅबमध्ये खायला बंदी ना!

"सरी, सरी!" मॅडम कानडीवर आल्या. "असू दे, परत चुरगाळ बघू!"

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी पिशवीच चुरगाळत होतो. तेवढ्यात आईचा फोन.

"चिवडा खाल्लास का गं?"

"नाही गं, उंदराला ऐकवला!"

"बरं, मग आवडला का त्याला?"