गिटारचा डब्बा

१९६४ चा उन्हाळा. अकोल्यात वाहेदभाईंच्या दुकानात मी दुरुस्तीला दिलेला रेडिओ न्यायला थांबलो होतो. पातूरकडचा धर्मपाल इलेक्ट्रिक गिटारचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर वाजवून पाहत होता.

"वाहेदभाई, अजून वाढवा."

"अरे भाई, कपाटाच्या काचा थरथरून राहिल्या!"

"थरथरू द्या. परवा बुद्धजयंती हाय. आमच्या वस्तीतून शाळेच्या चौकात आवाज गेला पायजे."

"जाईन ना. डब्बा लहान हाय, पन दम मोठा हाय त्याच्यात."

"अजून थोडा वाढवा... हां! आता बांधून द्या. अन् ही तार बॅटरीले कशी जोडाची, तेवढं सांगा."

"बॅटरीले? हा लाईटवर चालते, धर्मपाल."

"काहून? गावातला भोंगा त मोटारच्या बॅटरीवर चालते!"

"भोंग्याची गोष्ट अलग. तुमच्या गावात लाईट आली ना?"

"आली, पन शाळेपर्यंतच. आमच्या वस्तीत खांबच नाई."

"मंग फिकर कायची? शाळेपाशी बसून वाजव."

"तिथं बसू देत असते, वाहेदभाई, त एवढा मोठा आवाज मले कायले लागला असता?"