रुमालाखालचा हात

मी दाभोळचा. अब्बा गलबतावर खलाशी, घरात पाच बहिणी, म्हणून मिसरूड फुटायच्या आत दुबईला आलो आणि मोत्यांची दलाली धरली, कुणी शिकवली नाही, शिव्या खाऊन शिकलो. साठाच्या दशकात तो धंदा मरायला टेकला होता, पण सौदा जुन्याच पद्धतीनं, रुमालाखाली. गिऱ्हाइकाचा हात, दलालाचा हात, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडातून चकार शब्द नाही, बाजूला बसलेल्याला कळता कामा नये.

तर एक इटालियन म्हातारा मुलीबरोबर आला, त्याचा जावई इथं इंजिनियर होता. मुलगी म्हणाली, माझे वडील फार मोठे, ऑपेराचा ऑर्केस्ट्रा चालवतात. मी विचारलं, वाजवतात काय? काहीच नाही, फक्त काठी धरून हात हलवतात, समोर शंभर जण वाजवतात. मी म्हटलं, बाईसाहेब, मग आमचा धंदा एकच की! तिनं त्याला त्याच्या भाषेत सांगितलं तेव्हा म्हातारा खो खो हसला.

पाववाल्याचा मुलगा हो तो, मुलीनंच सांगितलं. गावच्या थिएटरात पियानो वाजवून गाणाऱ्यांची गाणी पाठ करून घ्यायचा, पन्नाशीपर्यंत कुणी विचारलं नाही, मग एकदम मोठमोठी थिएटरं, आगबोटीनं अमेरिका. पुढच्या महिन्यात त्याचा नवा ऑपेरा होता. माझ्यासारखाच, स्वतःच्या जिवावर वर आलेला. म्हणून आवडला मला, काय सांगू तुम्हाला.

मोती मुलीसाठी हवा होता. बोटांचा हिशेब त्याला समजावला, रुमाल टाकला, मी बोटांनी भाव सांगितला, तर म्हाताऱ्यानं माझ्यापेक्षा जास्त सांगितला. परत सांगितला, आणखी जास्त, गिऱ्हाईक कधी स्वतः भाव चढवतं? माझं डोकं फिरलं, हा काय माझी मस्करी करतो? रागानं त्याचा पंजा घट्ट धरला आणि कळलं, हात थरथरतोय, जाळ्यातल्या मासळीसारखा, दोन बोटं तर वळतच नाहीत. उजवा हात. काठीचा हात. मी वर बघितलं. म्हाताऱ्यानं डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

त्या हाताचा भाव धरला तर लुबाडणं, आणि तोंडानं विचारलं तर सगळ्यांना कळणार. मी हात काढला. म्हटलं, खलास, सौदा नाही.

मुलगी भडकली. तुम्ही हिंदुस्थानी दलाल रुमालाखाली लुबाडता हे ऐकलं होतं, आज बघितलं, काय बेशरम भाव मागितला माझ्या वडिलांना? मोती ज्या अरब शेठचा, तो शेजारीच बसलेला. म्हणाला, हसन, पाहुण्यांसमोर माझं नाक कापलंस, यल्ला, ऊठ. मी, जो कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेत नाही, तो गप्प. बोललो असतो तर एका दमात सुटलो असतो, पण त्या हाताची गोष्ट दुबईत फुटली की इटलीत पोचणार, मग त्याला ऑर्केस्ट्रापुढं उभं कोण करणार? मी म्हाताऱ्याकडे बघत राहिलो, म्हटलं हा तरी एक शब्द बोलेल, माझा दोष नाही एवढंच. शंभर जणांना बोलतं करणारा माणूस, खाली मान घालून बसला.

तेव्हापासून कुठल्याच शेठनं मला मोती दिला नाही.

आता मीना बाजारात कापडाचं दुकान आहे, पोटाला कमी नाही. नातू म्हणतो, दादा, फर्गेट इट. म्हातारा कधीच गेला असणार. अल्ला त्याला जन्नत देवो, दर नमाजात मागतो. माफ मात्र माझ्याच्यानं होत नाही, काय करू.