खांद्यावरचा किडा

ऑरहूस शहरात त्वचेच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं नंबर लावून बसलं होतं.

“नवी लेन्स परवडत नाही म्हणून जुनीच उलटी करून चिकटपट्टीने कॅमेऱ्याला लावलीस, आणि तिच्यावर विसंबून मला इथे आणलंस?”

“अगं, तुझ्या खांद्यावरच्या किड्याचा फोटो घेत होतो. किडा धूसर आला, शेजारचा तीळ मात्र स्पष्ट.”

“किडा तुला कधी धड टिपता आलाय, एगोन?”

“तिळाच्या कडा वेड्यावाकड्या आहेत गं.”

“त्या लेन्समधून मुंगीसुद्धा राक्षसीण दिसते!”

“हो.”

“मग तीळही मोठाच दिसणार.”

“हो गं.”

“म्हणजे वाढलेला नाही. ऊठ, घरी जाऊ.”

“गुनवर, मे महिन्यात तुझ्या त्याच खांद्यावर फुलपाखरू बसलं होतं. तेव्हाही फोटो काढला होता. त्यात हाच तीळ लहान आहे.”

“मग?”

“लेन्स हीच होती.”