वाढव म्हनलं की

मी आटपाडीकडची. माळावरचं गाव, बाप मेंढरं राखायचा, आन् बोलनं म्हंजे आमचं सरळ. दिवा इजवायचा तर इजव म्हनायचं, घागर फुटली तर फुटली म्हनायचं. लगीन होऊन मी मिरजंला आले. सांगली रस्त्याला ह्येंचं पत्र्याचं गॅरेज व्हतं, मागं दोन खोल्या आमच्या. तर पैल्याच दिशी सांजच्याला सासूबाई म्हनल्या, सूनबाई, सोप्यातला कंदील वाढव. मी गेले आन् वात केली वर, चांगली भडक, काच सगळी काळी झाली. सासूबाई बघतच ऱ्हायल्या. मग मालकांनी समजावलं, मालक म्हंजे आमचंच घरातलं मानूस, नाव मी अजून बी घेत न्हाई, तर ते म्हनले, अगं आमच्यात इजव म्हनत न्हाईत, वाईट असतंय, वाढव म्हनत्यात. दुकान बंद करायचं तरी वाढव, नारळ फोडायचा तरी वाढव, बांगडी पिचली तर वाढली. मी म्हनलं, आन् खरंच वाढवायचं असलं मग काय म्हनता वो? तर हसत कंदिलाची काच पुसायला लागले.

काय सांगू तुमाला, गॅरेज म्हंजे गाड्या कापायच्या आन् जोडायच्या. कुनाला ट्रॉली रुंद पायजे, कुनाला केबिन उंच पायजे. आता तुमी आलासा तवा नातू कापत व्हता बघा, ते लायटीवरचं मशीन, प्लाझमा म्हनत्यात, बटन दाबलं की निळी ज्योत, पत्रा कसा पापडावानी तुटतो. तवा सत्तरच्या पुढच्या सालात कुठलं आलंय असलं. तवा कारबाईटचा ड्रम. कारबाईटच्या खड्यावर पानी पडलं की गॅस हुयाचा, वास असला घान की जेवान जायाचं न्हाई. एक नळी ड्रमाची, एक ऑक्सिजनच्या बाटल्याची, दोन्ही मालकांच्या हातातल्या कटरला. ड्रमापाशी मी बसायची. लोक म्हनायचे बायकांचं काम न्हाई हे, म्हनू देत, त्येंच्या घरची मानसं कुठं येत व्हती बसायला. मालक गाडीखालनं वरडायचे, सोड म्हनले की गॅस सोडायचा, वाढव म्हनले की बंद. आगीला बी ते इजव म्हनायचे न्हाईत. म्हनायचे, हिच्यावर पोट हाय आपलं. मी लय येळा म्हनलं, आवं, बंद म्हना की, सोपा शबुद हाय. न्हाईच ऐकलं. ग्वाड बोलायची लय हौस ह्या लोकांना.

तर एकदा पाटनचे एक सुभेदार आले, मिल्ट्रीतनं रिटायर झालेले. लिलावात मिल्ट्रीचा जुना ट्रक घेतलेला. म्हनले, चासी मधनं कापा, तुकडा घाला, लांब करा, ऊस वाह्यचा हाय, कारखाना सुरू व्हायच्या आत पायजे. मानूस चांगला, पन उभा ऱ्हायला तरी परेडला उभा ऱ्हायल्यावानी. त्या दिशी ऑक्सिजनच्या बाटल्यापाशी बसनारा आमचा गडी खरसुंडीच्या जत्रंला गेलता. बाटल्याची चावी कोन फिरवनार? सुभेदार म्हनले, मी थांबतो की, त्यात काय अवघड हाय. मालकांनी दाखवलं, ह्या अंगाला फिरवली की जास्त, त्या अंगाला कमी. आन् गेले गाडीखाली. वाढव म्हंजे काय ते सांगायचं ऱ्हायलं. मला बी सुचलं न्हाई, आन् मालकांना कसं सुचंल, त्येंच्या लेखी वाढव म्हंजे बंद हे सगळ्या दुनियेला ठावं.

एका बाजूची पट्टी कापून झाली. दुसरी निम्मी झाली असंल, आन् चासीखालचा लाकडी ठोकळा सरकला. कर्र करून ते धूड खाली बसलं, मालकांच्या डाव्या हातावर. मी वाकून बघितलं तर मानूस उताना, डावा हात दबलेला, उजव्यात पेटता कटर. कटरची चावी फिरवायला दुसरा हात लागतो, तो तर अडकलेला. टाकावा म्हनलं तर खाली सगळं ग्रीस आन् काळं ऑइल, त्येंचा सदरा बी त्यातच भिजलेला. तसाच कटर छातीवर अधांतरी धरून त्येंनी हाळी दिली, वाढव.

सुभेदारांनी वाढवला.

ज्योतीचा आवाजच बदलला हो. आधी फुसफुस व्हती, ती अशी फाडल्यावानी झाली. मालक परत वरडले, वाढव, अगं वाढव. सुभेदार आनखी फिरवायला लागले, त्येंचं काय चुकलं, हुकूम आला की पाळायचा हेच त्येंनी जल्मभर केलेलं. मी वरडले, आवं उलटं, उलटं. त्या आवाजात कुनाला ऐकू जातंय. ड्रमाचा कॉक पान्यानं फिरायचा आन् पाना त्या दिशी मालकांनी नट सोडायला नेलेला, त्येंच्या उशाला, गाडीखाली. मग मी ड्रमाची नळीच धरली. दोन्ही हातांनी दुमडली. जुनं रबर, वाळून कडक झालेलं, दुमडंना. गुडघ्याखाली घातली, वर सगळा भार टाकला, आन् माझ्या बांगड्या कडाकडा फुटल्या, काचा मनगटात शिरल्या, मला कळलं न्हाई. मला एकच कळत व्हतं, की ही नळी सुटली की मी रांडाव.

ज्योत फट्ट करून गेली.

मग सासूबाई भाईर पळत आल्या, त्येंना गाडी दिसली न्हाई, धूर दिसला न्हाई, त्येंना माझ्या पुढ्यातल्या काचा दिसल्या. खालीच बसल्या. म्हनल्या, वाढल्या गं बाई तुझ्या बांगड्या. मी म्हनलं, आत्ती, फुटल्या म्हना, फुटल्या. तुमचं ते वाढनं नगो मला आज. तेवढ्यात गाडीखालनं मालक म्हनले, जॅक लावताय का मी हितंच मुक्काम करू? तवा मला रडू आलं, त्याच्या आधी न्हाई.

मिशन दवाखान्यात नेलं, हात वाचला, दोन बोटं वाकडी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. सुभेदार रोज भेटायला यायचे आन् मान खाली घालून बसायचे. मालकांनीच त्येंना सांगितलं, सायेब, तुमचा दोष न्हाई, माझ्या भाषेचा दोष हाय. एवढं बोलले, आन् बरं झाल्यावर गॅरेजात परत पैला शबुद काय, तर वाढव. मी हातातलं टाकून घरात गेले. चार रोज बोलले न्हाई. पाचव्या रोजी मालक कटर हातात घेऊन म्हनले, सोड. मग कापून झाल्यावर थांबले, माझ्याकडं बघितलं, आन् लाजल्यावानी म्हनले, बंद.

आता ते गेल्याला लय वरसं झाली. झोपेतच गेले, तरास न्हाई काय न्हाई. भावकीतल्या बायका जमल्या, एक थोरली माझा हात धरून म्हनली, चल, बांगड्या वाढव. मी तिच्याकडं बघितलं. म्हनलं, काय करू म्हनलीस? ती म्हनली, वाढव. मी थोरल्या सुनंला हाक मारली, म्हनलं, कपाटातला हिरव्या चुड्याचा डबा आन. आन् तिथंच, सगळ्यांच्या पुढ्यात, होत्या त्यात आनखी दोन दोन चढवल्या. म्हनलं, घ्या, वाढवल्या.

तवापास्नं ह्या हातात हायत्या. फुटली एखादी तर मी फुटली म्हनते आन् दुसरी भरते. नातू मशीन बंद करताना लांबनं वरडतो, आज्जे, वाढवू का गं? चेष्टा करतो माझी. करू दे. त्येचा आवाज येतोय तवर बरं हाय.