नानांना जिवंत ठेवायची तीन वर्षं

मरायचंच असेल तर एकदाचे मरा, पण माझ्या हातची औषधं वाया घालवू नका, असं अक्का जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडत होत्या, नाना खालच्या पायरीवर बसून कागदातली मिरचीची भजी खात होते आणि मी मधल्या पायरीवर उभा, नवा शर्ट घालून, वर बघू का खाली बघू. आदल्याच दिवशी माझ्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या उमेदवारीच्या, कागदावर नानांची सही झालेली. कामाचा तो माझा पहिला दिवस. आणि अक्का, म्हणजे नानांची बायको, सगळ्या गल्लीला ऐकवत होत्या की यांना मागच्या उन्हाळ्यात हार्ट अटॅक येऊन गेलाय, डॉक्टरनं जिने चढू नका सांगितलंय, तळलेलं बंद सांगितलंय, फटफटी विका सांगितलंय. काय सांगू तुम्हाला! मी तिथंच बसलो. नानांना वाटलं पोराला भूक लागलीय, त्यांनी एक भजं पुढे केलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा मरेल याची एवढी भीती तुला का, तो काय तुझा बाप होता? तर ऐका. सीए व्हायचं तर नुसत्या परीक्षा पास होऊन चालत नाही. तीन वर्षं एखाद्या सीएच्या हाताखाली उमेदवारी करायची आणि ती पूर्ण झाली म्हणून त्यानं सही द्यायची, तेव्हा पुढचं दार उघडतं. तो मधेच गेला तर उरलेला काळ दुसऱ्याकडे काढता येतो, नियमात तशी सोय आहे. पण दुसरा घेणार कोण? मी एरंडोलचा. बाप जिनिंगमध्ये हमाल, आई कापूस वेचायला जायची, आमच्या बौद्धवाड्यात बी.कॉम. झालेला मी पहिला. जळगावात मी सगळ्या सीएंचे जिने चढून आलो होतो. मार्कशीट बघून सगळे खूश व्हायचे, खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे. मग गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि चहा यायच्या आत त्यांच्याकडची जागा भरलेली असायची. एका ठिकाणी तर जागा इतक्या घाईनं भरली की चहा आणणारा पोऱ्या दारात कप धरून उभा राहिला, आत जाऊ का परत जाऊ.

नानांनी आडनाव विचारलं नाही. नानांनी विचारलं, गोदामात घुशी असतात, मांजराएवढ्या, भितोस का? मी म्हटलं, भितो. नाना म्हणाले, मग ये उद्यापासून, नाही भीत म्हणणारा माणूस दारातूनच माल मोजतो.

मी घरी जाऊन अटॅकचं सांगितलं, तर बाप जेवता जेवता थांबला. त्याला सीए म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं, त्याला वाटायचं बँकेतला मोठा साहेब. पण मुद्दा त्याला बरोबर कळला. म्हणाला, भाऊ, त्या मानूसना जीव संभाळ, तुनं बठ्ठं त्यानामाच शे. म्हणजे तुझं सगळं त्याच्यातच आहे.

मग मी सांभाळलं. कसं सांभाळलं ते ऐका. नाना म्हणजे एवढंसं हाड, पण आवाज असा की जळगावात ओरडले की भुसावळ स्टेशनात उभी गाडी सुटायची. तिखट असं खायचे की त्यांच्या वांग्याच्या भरताजवळून माशी गेली तर शिंकत जायची. अशिलाकडे ऑडिटला गेलो की भरीत-पुरी ठरलेली, आणि नानांनी हात घालायच्या आत मी अर्धं ताट साफ करायचो. लोकांना वाटायचं हा पोरगा उपाशी घरचा आहे. वाटू दे म्हटलं. माझ्या पोटात तीन वर्षं जाळ पेटलेला होता, पण तेवढं तिखट नानांच्या छातीत गेलं नाही ना.

आणि फटफटी! एकदा मी तिचा प्लग काढून खिशात टाकला. म्हटलं, आज रिक्षानं जातील. तर हा माणूस एप्रिलच्या उन्हात फटफटी ढकलत निघाला, तोंड लालबुंद, छाती भात्यासारखी. मी मागं पळत गेलो आणि नाना, हा बघा प्लग, रस्त्यात सापडला, असं म्हणालो. नानांनी प्लगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि प्लग बसवून किक मारली. 

ऑफिस नानांच्या घरातच होतं, रोज सकाळी त्या जिन्याखाली उभं राहून मी वर कान लावायचो. नानांचा खोकला ऐकू आला की माझा जीव भांड्यात पडायचा. एखाद दिवशी उशीर झाला तर मला खोकला नाही, अक्कांचं रडणं ऐकू येतंय असं वाटायचं. खोटं नाही सांगत, बाकी सगळं खोटं धरा वाटलं तर, पण हे धरू नका. अक्कांनी पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलला होता. माझी आई दर पौर्णिमेला विहारात नानांच्या नावाची मेणबत्ती लावायची. म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त होता, मधे मी पहारेकरी.

आज धुळ्यात माझी पाटी आहे. पोरं माझ्याकडे आर्टिकलला येतात, कॉम्प्युटरपुढे बसतात, आणि मी जिना चढताना दम खाल्ला की माझ्याकडे कशी बघतात ते मला बरोबर कळतं. कोणाला काय म्हणू? पण धरणगावचं सांगायचं राह्यलं, ते सांगतो, मग तुम्ही चहा घ्या.

तिसरं वर्ष संपत आलेलं. मार्चअखेर. धरणगावच्या एका तेलगिरणीत सरकी मोजायला गेलो, सरकी म्हणजे कापसातलं बी, त्याचं तेल निघतं. अंगणात ढीग होता, ढीग कसला, सातपुड्याचा तुटलेला तुकडाच. त्याच्यावर बँकेनं शेठला पैसा दिलेला, म्हणून मोजणं भाग. शेठ माणूस फार चांगला. नानांना खुर्ची दिली, पंखा लावला, सरबत दिलं, म्हणाले, नाना, तुमची तब्येत, तुम्ही बसा सावलीत, आमची माणसं मोजून आकडा सांगतील. मला भरून आलं. म्हटलं, चला, नानांच्या जिवाची काळजी करणारा जगात माझ्याशिवाय दुसरा कोणीतरी निघाला. मीही म्हटलं, बसा नाना, शेठजी एवढं म्हणतात तर.

नानांनी सरबत संपवलं आणि शिडी मागितली.

शेठ म्हणाले, नको. मी म्हटलं, नको. नानांनी धोतर खोचलं आणि चढले. मी शिडीवर त्यांच्या मागं, एक हात शिडीला आणि एक हात त्यांच्या धोतराला. शेठ खालून ओरडायला लागले, नाना, उतरा, छातीचा विचार करा, उतरा म्हणतो ना. मीही वरून तेच ओरडत होतो. नानांनी धोतर हिसकलं, ढिगाच्या मधोमध गेले, हातातली काठी खुपसली, आणि पुढच्या क्षणी तिथं नाना नव्हते. फक्त टोपी होती.

मला त्यानंतरचं नीट आठवत नाही. मी उडी मारली. दोन्ही हातांनी सरकी उपसत होतो, नाकातोंडात तिचा कापूस जात होता, हाताला बांबू लागले, ताडपत्री लागली, काय लागतंय ते बघायला सवड कोणाला होती. मी बोलत होतो, कोणाशी ते माहीत नाही, की थोडेच दिवस राह्यले, एवढे जाऊ दे, मग काय ते कर. आणि मधेच माझ्या ध्यानात आलं की मी दिवस विसरलोय, सही विसरलोय, मी नुसतं नाना नाना करतोय, जसं लहानपणी बाजारात हात सुटल्यावर बापाला हाका मारल्या होत्या तसं. हमाल धावून आले, त्यांना पाय सापडले, आम्ही ओढून बाहेर काढलं. डोळे मिटलेले. भुवयांवर, मिश्यांवर कापूस. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रडत रडत विचारलं, नाना, छातीत दुखतंय का, डॉक्टरला बोलावू का, अक्कांना काय सांगू, नाना, काहीतरी बोला.

नानांनी डोळे उघडले. तोंडातली सरकी थुंकली. माझ्याकडे पाहिलं, मग शेठकडे पाहिलं, आणि रोज ऑफिसात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, ढीग आतून पोकळ आहे, टिपून घे.