हौदातलं कोळीनृत्य

"हॅलो?… हाव, बोल ताई. नाई, झाल्याच पोळ्या."

झाल्या नव्हत्या. पण अकोल्याहून थोरल्या बहिणीचा, बेबीताईचा, फोन आला की तो पाच मिनिटांत आटोपत नाही, हे गोदावरीला ठाऊक होतं. तिनं तवा उतरवला, गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली.

"पाह्यला का?… श्रावणीनं ग्रुपवर टाकला तोच ना व्हिडिओ?… हाव, वाइनच होती ग्लासात. खोटं काहून बोलू?… नाई वो, चढली नाई. एवढ्याशानं काय चढन…"

श्रावणी तिची मुलगी, नाशिकला नोकरीला. गेल्या आठवड्यात गोदावरी अमरावतीहून एकटीच रेल्वेत बसून तिच्याकडे गेली होती. साठ वर्षांत पहिल्यांदाच एकटी.

"अकोल्यावरूनच गेली गाडी… नाई केला फोन. केला असता तर तू डबा घेऊन फलाटावर आली असती. विचारलं असतं, तिकडे काय आहे. मंग मले सांगा लागलं असतं… अवो, ऐक तर खरी."

"श्रावणीनं वाइनच्या कारखान्यात नेलतं. टेस्टिंग म्हंतात त्याले. लंबा टेबल, समोर पाच ग्लास, तळाशी दोन-दोन घोट. तिथली बाई म्हने, ग्लास गोल फिरवा, नाकापाशी न्या, कशाचा वास येते सांगा. कोनी म्हने पेरू, कोनी म्हने मिरे… मी? मले तर संत्र्याच्या वाळल्या सालीचा आला. शेंदूरजन्याले मामी छपरावर टाके ना, तसा… हाव, तोच. आपन चोरून चावत होतो ते… पांढरी आंबट लागते. लाल तुरट, जांभळं खाल्ल्यावर जीभ होते तशी… थुंकाले भांडं ठेवलतं त्यायनं. मी नाई थुंकली. एवढ्या दूर काय थुंकाले गेलती का मी?… हास, हास."

ताई हसली तशी गोदावरी सैलावली. हात आपोआप हवेत फिरू लागले, जणू ताई समोरच बसली होती.

"मंग तो हौद. लाकडाचा, गुडघ्याएवढा. काळ्या द्राक्षायनं भरलेला. पाय धुवाचे, आत उतराचं अन् तुडवाचं. बाजूले ढोल… थंडगार लागते, ताई. बोटायच्या मधून रस वर येते. पह्यले तर मी श्रावणीचा हात धरून नुसती उभी होती. मंग ढोलवाल्यानं ठेका धरला, अन् मले समजलंच नाई. पाय आपोआप…"

ती थांबली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं होतं.

"काय म्हंतलं?… हाव… तुह्याच आहेत त्या स्टेपा."

पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचे वडील, अण्णा, अकोटला वकिली करायचे, आणि वकिलाची मुलगी स्टेजवर नाचणार नाही, हा घरचा कायदा होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोळीनृत्य होतं. समुद्र कुणी पाहिलेला नव्हता, पण बेबीताईला पुढच्या ओळीत घेतलं होतं. शेजारच्या मैनाबाईच्या मागच्या अंगणात ती लपून सराव करायची. लुगडंही मैनाबाईचंच. नऊ वर्षांची गोदी भिंतीवर बसून बघायची. गॅदरिंगला दोन दिवस उरले असताना अण्णांना कळलं. ताईचं नाव कटलं. मैनाबाईनंच सांगितलं असं धरून त्या दिवसापासून ताईनं तिच्याशी बोलणं टाकलं.

"ताई, एक सांगाचं होतं… नाई, आताच सांगू दे. मैनाबाईनं नाई सांगतलं अण्णाले… मी… सांगतलं बी नाई, करून दाखवलं. अण्णा कोर्टातून खुशीत आलते. म्हने, गोदे, काय शिकली आज? मी वल्हं मारून दाखवलं, गिरकी घेऊन दाखवली. आधी टाळ्या वाजवल्या त्यायनं. मंग विचारलं, कोनं शिकवलं… मले वाटलं, तुह्यी तारीफ होईन."



"हॅलो?… ताई?… आहे का?"

अकोल्याच्या घरातल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"कितीदा ओठावर आलतं. मैनाबाई वारली, तू मातीले गेली नाई, तवाही सांगाचं होतं. नाई झाली हिंमत… हाव, माहीत आहे, बोरं पाठवे ती तुले दरसाल. तू वापस करे… नाई. तिनं कोनाले माह्यं नाव नाई सांगतलं. तिले ठाऊक होतं ताई, भिंतीपलीकडून पाह्यलं तिनं मले नाचताना. मले फक्त एवढंच म्हने, जाऊ दे पोरी, तू लहान आहे."

आता पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. गोदावरीनं डोळे पदरानं पुसले आणि वाट बघितली. ताई फोन आपटेल, असं तिला वाटलं होतं. ताईनं आपटला नाही.

"काय?… कोनती चुकली?… गिरकी?… उजवीकडून? मी तर इतके वर्षं डावीकडूनच धरून चालली… हाव ना, तू माह्याकडे तोंड करून नाचे. मी समोर भिंतीवर. म्हनून उलटं बसलं डोक्यात."

ती खुर्चीतून उठली.

"मंग आधी कोनता पाय?… उजवा. बरं. अन् हात?… थांब, मले समजून नाई राह्यलं… तुले कशी दिसन मी, साध्या फोनवर?… तू उभी राह्यली का? गुडघे पाह्य ताई, पलंग धरून राहा… बरं, ठेव. मी व्हिडिओवर लावते… अवो, तू ठेव आधी… बरं, मीच ठेवते."

गोदावरीनं फोन बंद केला. खुर्ची भिंतीला सरकवली, पायातल्या चपला काढल्या, पदर कमरेला खोचला. मग तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि ताईचा नंबर लावला.