साखर घातलेलं वारूळ

लातूर नवा जिल्हा झाला, तरी नळाला पाणी नव्हतं. दुष्काळामुळं लोह्याहून बहिणीकडं राहायला आलेली सिंधू टँकरच्या रांगेत उभी होती. पुढं दोन शेजारणी बोलत होत्या.

“शरणम्मा, मुंग्यांना साखर घालाया गेले, तर मोठ्या मुंग्यांच्या वारुळात बारक्या, परक्याच मुंग्या!”

“हाकलत न्हाईत त्यांना?”

“न्हाई की! उलट मोठ्या त्यांना तोंडातला घास देत्यात.”

“मग त्यांच्यातल्याच असतील.”

“छे! जात येगळी, रंग येगळा. लेकरंबाळं घेऊन तिथंच ठाण मांडलंय.”

“मग पाहुण्या म्हणावं का घरच्या?”

“तेच तर उमगंना बाई.”

टँकरवाला सिंधूकडं बघून ओरडला, “एका घराला दोनच घागरी! बाई, तुमचं घर कोणतं?”

सिंधूनं घागर खाली ठेवली आणि पुढच्या दोघींना म्हणाली,

“जरा जागा धरा माझी. बहिणीला विचारून येते.”